फ्लूचा ताप नेमका कोणाचा?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आम्ही दोघांनी मिळून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या दिवसांत व्याख्यानाचा विषय सणाला साजेसा असावा, असा आपल्याकडे संकेत आहे. आम्ही खोकल्याचा विषय घेऊन आलो आहोत, पण तो अगदीच अस्थानी नाही. आपल्या भागात फ्लूचे दोन हंगाम असतात. एक थंडीच्या अखेरीस, साधारण जानेवारी ते मार्च, आणि दुसरा भर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. म्हणजे आपण आरतीला खांद्याला खांदा लावून उभे असतो, पावसामुळे खिडक्या लावलेल्या असतात, तेव्हा फ्लूही आपल्यातच कुठेतरी टाळ्या वाजवत उभा असतो. आता बोलत असतानाच मागच्या रांगेतून दोन-तीन खोकले ऐकू आले. त्यांना दोष नाही. पण पुढचा तासभर त्यांनीच जास्त लक्ष द्यावे, ही विनंती.

आम्ही दोघे या विषयाकडे दोन वाटांनी आलो. एकाने बडोद्याच्या जुन्या शहरात तीसेक वर्षे दवाखाना चालवला, दुसरीने जवळपास तितकीच वर्षे कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. दवाखान्यात येणारा माणूस म्हणतो, "डॉक्टर, विषाणूचा ताप आहे, उतरवा." वर्गात शिकवताना मात्र सांगावे लागते की ताप विषाणूचा नसतो, आपला असतो. जेवताना या एका वाक्यावरून आमचे पुष्कळ वाद झाले आहेत. आज तेच तुमच्यापुढे मांडतो, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायची असेल तर हे वाक्य नीट समजणे फार गरजेचे आहे.

काही वर्षांपूर्वीपर्यंत 'हिपॅटायटिस सी' या यकृताच्या आजारावर 'इंटरफेरॉन' नावाची इंजेक्शने देत असत. इंजेक्शन घेतले की त्या रात्री रुग्णाला थंडी वाजून ताप यायचा, अंग ठणकायचे, डोके दुखायचे, जेवणावरची वासना जायची. हुबेहूब फ्लू! पण फ्लूचा एकही विषाणू त्याच्या शरीरात नसायचा. सुईतून गेलेला पदार्थ आपल्याच पेशी एरवी तयार करतात तो. फ्लूचा विषाणू सहसा नाक, घसा आणि श्वासनलिका यांच्या आतल्या अस्तरातच राहतो. पोटरीच्या स्नायूत तो जात नाही. तरी पोटऱ्या दुखतात. त्या दुखवतात आपल्याच पहारेकऱ्यांनी रक्तात सोडलेली रसायने. ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचली की ताप चढतो.

आता हे पहारेकरी कोण, ते पाहू. शरीराची संरक्षणव्यवस्था दोन प्रकारची. एक शिकून येणारी: देवी किंवा गोवर एकदा झाला की शरीर तो लक्षात ठेवते, लस घेतली की प्रतिपिंडे तयार होतात. ही व्यवस्था नेमकी असते, पण नव्या शत्रूशी ओळख व्हायला तिला आठवडाभर लागतो. दुसरी जन्मजात. तिला शत्रूचे नाव ठाऊक नसते, पण परका माणूस चालीवरून ओळखावा तसे ती ओळखते, आणि काही तासांत कामाला लागते. फ्लूचा सगळा डाव या दुसऱ्या व्यवस्थेशी आहे. पहिलीला फसवायला तो दरवर्षी वरचा अंगरखा थोडा बदलतो, ते आपण वर्तमानपत्रात वाचतो. दुसरीशी तो काय करतो, ते फारसे कोणी सांगत नाही.

बडोद्याला जसे लेहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट असे चार दरवाजे, तसे श्वासमार्गालाही एकापाठोपाठ एक अडथळे आहेत. पहिला अडथळा म्हणजे ज्याला आपण नाक मुरडतो तो शेंबूड. फ्लूचा विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या सायॅलिक आम्ल नावाच्या साखरेला चिकटून आत शिरतो. शेंबडातल्या चिकट रेणूंवरही तीच साखर लटकत असते. विषाणू फसतो, पेशी समजून शेंबडालाच चिकटतो, आणि पेशींवरचे बारीक केसासारखे रोम हलत हलत त्याला घशाकडे ढकलून देतात. आपण गिळतो किंवा थुंकतो, संपले. यावर विषाणूने तोड काढली आहे. त्याच्या अंगावर न्यूरामिनिडेज नावाची कात्री असते. ती ही साखर कापते आणि तो सुटतो. पेशीतून बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूंनाही हीच कात्री लागते. 'टॅमीफ्लू' या नावाने ओळखले जाणारे ऑसेल्टामिव्हिर हे औषध त्या कात्रीच्या पात्यात अडकून बसते. म्हणून ते लवकर घेतले तर उपयोगाचे. सगळे कापून झाल्यावर कात्री बोथट करून काय साधणार?

विषाणू आत शिरला की खरी गंमत सुरू होते. इथे थोडे मागे, १९५७ सालात जावे लागेल. लंडनमध्ये मिल हिल येथे एक सरकारी संशोधनसंस्था होती. तिथे अॅलिक आयझॅक्स हा ग्लासगोचा डॉक्टर आणि वर्षभरासाठी स्वित्झर्लंडहून आलेला जाँ लिंडेनमान हे दोघे काम करत होते. एक विषाणू असला की दुसरा तिथे नीट वाढत नाही, हे तेव्हा माहीत होते. कारण माहीत नव्हते. त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या पातळ पडद्याचे तुकडे घेतले आणि त्यांवर उष्णतेने मारलेला फ्लूचा विषाणू टाकला. काही तासांनी भोवतीचे द्रव काढून घेतले आणि नव्या, कोऱ्या तुकड्यांवर ओतले. मग या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू सोडला. तो वाढेना. म्हणजे पहिल्या तुकड्यातल्या पेशींनी मरणाऱ्या शत्रूची खबर लागताच काहीतरी बाहेर सोडले होते आणि त्या 'काहीतरी'ने दुसऱ्या पेशींना सावध केले होते. त्यांनी त्याला इंटरफेरॉन नाव दिले. तो पदार्थ इतक्या थोड्या प्रमाणात मिळायचा की अनेकांचा विश्वास बसेना. काही शास्त्रज्ञ त्याला चेष्टेने 'मिसइंटरप्रेटॉन', म्हणजे चुकीच्या अर्थातून जन्मलेला पदार्थ, म्हणत. आयझॅक्स १९६७ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. इंटरफेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलेले त्याला पाहता आले नाही.

इंटरफेरॉन म्हणजे दवंडी. तो स्वतः विषाणूला मारत नाही. ज्या पेशीवर हल्ला झाला ती बहुधा मरणारच असते, मरता मरता ती शेजाऱ्यांना ओरडून सांगते, "दारे लावा!" शेजारच्या पेशी मग शेकडो जनुके एकदम चालू करतात. कोणी विषाणूला दाराच्या चौकटीतच अडकवते, कोणी आतला प्रथिनांचा कारखाना बंद करते, कोणी त्याचे आरएनए कापून टाकते.

पण हल्ला झाला हे पेशीला कळते कसे? याचा उलगडा अलीकडचा. २००४ मध्ये जपानमधील योनेयामा, फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रिग-आय' नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते हे दाखवले. दोन वर्षांनी तो पहारेकरी काय बघतो तेही कळले. आपल्या पेशीत फिरणाऱ्या संदेशवाहक आरएनएच्या एका टोकाला रासायनिक टोपी असते. विषाणूच्या आरएनएचे टोक बोडके असते, नुसते तीन फॉस्फेट लावलेले. रिग-आय बोडकी डोकी शोधत हिंडतो. आमच्या आजोबांच्या पिढीत बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणाऱ्याकडे लोक बघत, तसेच काहीसे.

विषाणूने यावर काय केले बघा. एक तर तो आपल्या आरएनएच्या प्रती पेशीच्या केंद्रकात जाऊन काढतो. आरएनए जातीचे बहुतेक विषाणू असे करत नाहीत. पण केंद्रकाबाहेरच्या रिग-आयची गस्त तिथे नसते. दुसरे, प्रथिने बनवण्यासाठी जे संदेश बाहेर पाठवायचे त्यांच्यासाठी तो आपल्याच पेशीच्या संदेशांच्या टोप्या कापून घेतो आणि आपल्या संदेशांच्या डोक्यावर चढवतो. मराठीत फसवण्याला 'टोपी घालणे' म्हणतात. इथे तो वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. आणि ज्याची टोपी गेली तो आपला संदेश तिथेच वाया जातो, हा त्याला वरकड फायदा.

तरीही काही बोडकी डोकी बाहेर दिसतातच. त्यांच्यासाठी विषाणूकडे एक खास माणूस आहे, एनएस-१ नावाचे प्रथिन. फ्लूच्या विषाणूची जनुके आठ तुकड्यांत असतात, सगळी मिळून जेमतेम साडेतेरा हजार अक्षरे. माणसाची तीनशे कोटी. त्या आठांतल्या सर्वांत लहान तुकड्यावर एनएस-१ लिहिलेले आहे. आपण साडेतेरा हजार अक्षरांत संसार मांडायचा ठरवला तर प्रत्येक शब्द मोजून वापरू. विषाणूने त्यातला एवढा भाग निव्वळ आपली दवंडी दाबण्यासाठी राखून ठेवला आहे, यावरूनच दवंडीची किंमत कळते.

एनएस-१ एकच काम करून थांबत नाही. तो विषाणूचे दुपेडी आरएनए स्वतःच धरून झाकतो. रिग-आयला जागे करणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाला तो पकडून ठेवतो, म्हणजे पहारेकऱ्याने पाहिले तरी त्याला शिट्टी वाजवता येत नाही. आणि फ्लूच्या अनेक जातींत तो पेशीच्या स्वतःच्या संदेशांची शेवटची काटछाट थांबवतो. इंटरफेरॉनचा मजकूर लिहून तयार, पण छापखान्यातून बाहेरच पडत नाही, अशी अवस्था. १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय वैद्यकीय संस्थेतील गार्सिया-सास्त्रे, पालेसे आणि सहकाऱ्यांनी एनएस-१ काढून टाकलेला फ्लूचा विषाणू तयार केला. साध्या उंदरांत तो अगदी दुबळा ठरला. मात्र ज्या उंदरांत इंटरफेरॉनची हाक ऐकण्याची सोयच नव्हती त्यांत तोच विषाणू वाढला आणि त्याने उंदीर मारले. या प्रयोगावर वर्गात एक पूर्ण तास जायचा. विषाणूची ताकद त्याच्या दातांत नाही, पहारेकऱ्याचे तोंड दाबण्यात आहे, हे याहून स्वच्छपणे दाखवता येणार नाही.

पहारेकरी नसेल तर काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडून गेले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ आली. नवापूर म्हणजे ज्याच्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तिथल्या पोल्ट्रीतल्या कोंबड्या भराभर मेल्या आणि उरलेल्या लाखो माराव्या लागल्या. रानबदके मात्र फ्लूचे बहुतेक विषाणू पोटात घेऊन हजारो मैल उडतात आणि बरेचदा त्यांना काही होत नाही. २०१० मध्ये यामागचे एक कारण पुढे आले: बदकाच्या पेशीत रिग-आय आहे, कोंबडीच्या पेशीत तो नाहीच. सगळा फरक एवढ्यानेच पडतो असे नव्हे, पण कोंबडीच्या पेशीत रिग-आय घातला तर तीही विषाणूला अधिक तोंड देते, हे प्रयोगात दिसले आहे.

आता वेळेचा हिशेब. विषाणूला कायमचे लपायचे नसते. त्याला हवे असतात एक-दोन दिवस. पेशीत शिरल्यापासून सहा-आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात, ते शेजारच्या पेशींत शिरतात, आणि पुन्हा तेच. स्वयंसेवकांच्या नाकात मुद्दाम विषाणू सोडून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो दुसऱ्या दिवसाच्या सुमारास, आणि त्रास शिगेला पोहोचतो त्यानंतर, तिसऱ्या दिवशी. ताप आला म्हणजे दवंडी शेवटी पिटली गेली. पण तोवर चोर घरभर फिरून शेजारीही जाऊन आलेला असतो. "मला ताप नाही, नुसती कणकण आहे, आरतीला येऊन जातो," असे म्हणणारा माणूस त्या घटकेला सर्वांत जास्त विषाणू वाटत असण्याची शक्यता आहे. दवाखान्यातली बाजू इथे वर्गातल्या बाजूला मिळते.

आता म्हाताऱ्या माणसांविषयी, ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला. आमच्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट. पावसाळ्यात नातवाला एकशे तीन ताप. सगळे घर त्याच्याभोवती. आजी बाजूच्या खोलीत, वय ऐंशीच्या पुढे, ताप शंभराच्याही खाली. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेला बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या. घरच्यांना वाटले, वयाचा परिणाम. दवाखान्यात आणले तेव्हा ऑक्सिजन बराच खाली गेला होता. नातू पाचव्या दिवशी खेळायला गेला. आजी पंधरा दिवस रुग्णालयात होत्या.

वय वाढते तशी जन्मजात व्यवस्थेची दवंडी क्षीण होते. पहारेकरी उशिरा उठतात, इंटरफेरॉन कमी निघतो, ताप चढतच नाही किंवा थोडाच चढतो. ताप आपला असतो म्हणतो ते यासाठी. नातवाचा ताप म्हणजे त्याचे शरीर खडबडून जागे झाल्याची खूण. आजींचा ताप नसणे ही आजार सौम्य असल्याची खूण नव्हती. सत्तरीच्या पुढच्या माणसाचे जेवण तुटले, तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला, आणि घरात कुणाला फ्लू असेल, तर थर्मामीटर काय म्हणतो याची वाट पाहू नका. त्याच दिवशी दाखवा. ऑसेल्टामिव्हिरचा खरा उपयोग पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत होतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हे तास तापाची वाट पाहण्यातच निघून जातात. गरोदर स्त्रिया, दम्याचे, मधुमेहाचे आणि हृदयाचे रुग्ण यांनाही हेच लागू.

याची उलट बाजूही आहे. दवंडी उशिरा पिटली आणि मग थांबलीच नाही, तर? १९१८ च्या साथीला महाराष्ट्रात 'मानमोडी' म्हणत. जूनमध्ये ती मुंबई बंदरातून आली, सप्टेंबर-ऑक्टोबरात परतली तेव्हा कहर झाला. हिंदुस्थानात किमान सव्वा कोटी माणसे गेली असे मानतात. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेतले एकमेव दशक ज्यात लोकसंख्या घटली. आपल्यापैकी अनेकांच्या वंशावळीत शके १८४० पाशी एखादी फांदी तुटलेली सापडेल, आणि तुटलेले ते बहुधा वीस ते चाळीस वयाचे. अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुफ्फुसाच्या नमुन्याचीही मदत घेऊन तो विषाणू २००५ मध्ये अमेरिकेत पुन्हा उभा केला गेला. दोन वर्षांनी माकडांवर तो तपासला, तेव्हा सुरुवातीची इंटरफेरॉनची दवंडी दबलेली आणि नंतरची दाहाची आग मात्र विझत नाही, असे चित्र दिसले. तरण्याताठ्यांचीच फुफ्फुसे त्यात का भरली, याची अजून चर्चा चालू आहे. त्या साथीतले बहुतेक मृत्यू मात्र फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले, हे जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवरून दिसते. विषाणूशी लढताना फुफ्फुसातल्या भक्षक पेशी खर्ची पडतात, उरलेल्या मंदावतात, आणि जिवाणूंना रान मोकळे मिळते. म्हणून एक खूण ध्यानात ठेवा: ताप उतरला, दोन दिवस बरे वाटले, आणि पुन्हा ताप चढून धाप लागली, तर तो साधा फ्लू राहिलेला नाही. अँटिबायोटिक तेव्हा लागते. पहिल्या दिवशी मेडिकलच्या दुकानातून घेतलेली अँटिबायोटिकची पुडी विषाणूचे काहीच बिघडवत नाही.

व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन इथे घेतो.

एका काकूंनी विचारले, प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी कोणता काढा घ्यावा? आलं-तुळशीचा काढा घशाला बरा वाटतो, खुशाल घ्या. पण 'प्रतिकारशक्ती वाढवणे' हे शब्द आम्हांला जाहिरातीतलेच वाटतात. मघाशी पाहिले, ती जास्त झाली तरी माणूस आजारी पडतो. प्रश्न ती किती आहे याचा नसून वेळेवर उठते का आणि वेळेवर बसते का याचा आहे, आणि त्यासाठीची पुडी अजून कुणी बांधलेली नाही. पॅरासिटामॉल घेतले तर ताप दाबला जाऊन आजार लांबेल का, असेही त्यांनी विचारले. त्रास होत असेल तर योग्य मात्रेत जरूर घ्या. लहान मुलांना मात्र फ्लूमध्ये ॲस्पिरिन देऊ नका.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा: विषाणू एवढा लबाड आहे, तर लस काय करणार? लस एनएस-१ ला हातही लावत नाही. ती पहारेकऱ्यांच्या भरवशावर न राहता दारातच प्रतिपिंडे उभी करते. विषाणू पेशीत शिरलाच नाही तर टोपी कुणाची काढणार? अंगरखा बदलला की ती थोडी कमी पडते, म्हणून दरवर्षी नवी घ्यावी लागते. म्हाताऱ्या माणसांत तिचा जोर कमी, पण रुग्णालयात जावे लागण्याचा धोका ती कमी करते. प्रतिपिंडे तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे या गणपतीसाठी आता उशीर झाला आहे. जानेवारीचा हंगाम मात्र अजून गाठता येईल. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यासाठी मे महिन्यातच, नातवंडे सुट्टीला आलेली असताना, आजी-आजोबांना आणि त्यांना एकदमच आपल्या डॉक्टरांकडे घेऊन जा.